तिसऱ्या मजल्यावरची नटी

रस्माबाई एकेकाळी नटी होत्या, या गोष्टीवर मी जवळजवळ दीड वर्ष विश्वास ठेवला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे काय काय केलं ते त्या अविश्वासातूनच केलं.

आम्ही शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूपासून दोन गल्ल्या सोडून एका तीन मजली विटांच्या घरात भाड्याने राहतो. खालचा मजला आमचा, मधल्या मजल्यावर एक हैदराबादी कुटुंब आणि सगळ्यात वर रस्माबाई, एकट्या. वय एक्याऐंशी. उंच, पाठीचा कणा ताठ, केसांचा पांढरा अंबाडा, आणि कचरा टाकायला खाली आल्या तरी ओठांना लिपस्टिक. आवाज कधी चढवायच्या नाहीत, पण वरून जिन्यात नुसतं ‘फाटक कुणी उघडं टाकलं’ एवढं म्हणाल्या तरी मला खाली गॅसपाशी शब्द न शब्द ऐकू यायचा.

पहिली ओळख तळघरातल्या कपडे धुवायच्या खोलीत झाली. मी मशीनमधून पडदे काढत होते. त्या चादरीची घडी घालत होत्या.

“मी लाटव्हियाची. रिगा शहरातली,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “अभिनेत्री.”

मी “अच्छा” म्हटलं आणि पडदे बादलीत भरले.

या देशात तिकडचं कोणीही तिकडे कोणीतरी मोठंच असतं. आमच्याकडे भुवया कोरणारी बाई तिकडे कॉलेजची प्रिन्सिपॉल होती. टॅक्सीवाला हार्टचा सर्जन होता. असतीलही. पण मीसुद्धा इथे आल्यावर पहिली दोन वर्षं मंडळातल्या बायकांना सांगत असे की मी आकाशवाणीवर गायले आहे. गायले होते, एकदा, कोरसमध्ये, मागच्या रांगेत. त्यामुळे माणूस समुद्र ओलांडताना आपल्या गोष्टी किती फुगवून आणतो, हे मला चांगलं ठाऊक आहे.

आता माझ्या वहीबद्दल. लग्न झाल्यापासून माझा नेम आहे. दिवेलागणीला देवापाशी दिवा लावायचा, पोथीचा अध्याय वाचायचा आणि मग वही उघडायची. वर ‘श्री’, खाली तारीख आणि तिथी, आणि दिवसभरात जे झालं ते. भाजी काय केली, पुण्याहून कुणाचा फोन आला, कोण काय बोललं. रस्माबाईंचं बोलणंही त्यात आपोआप येत गेलं. आणि वहीत तारखेसकट आलं की ते ताडून पाहता येतं. १४ मार्च: सिनेमे तीन. ९ मे: सिनेमे चार. २ जून: एका सिनेमात समुद्रात बुडण्याचा सीन, पाणी बर्फासारखं, आठ वेळा बुडवलं. ऑगस्टमध्ये तोच सीन नदीत होता.

मी सत्यजितला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हे वाचून दाखवलं. तो हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे, बारा तास उभा राहून घरी येतो. तो म्हणाला, “अगं, म्हातारी आहे. समुद्र काय, नदी काय. पाणीच ना.”

“तीन आणि चार पण सारखेच का?”

“वीणा, तू इन्कम टॅक्समध्ये जायला हवी होतीस यार.”

इंटरनेटवर शोधलं. रुहीकडून शोधून घेतलं म्हणजे. रुही आमची मुलगी, तेव्हा सोळा पूर्ण व्हायची होती. रस्माबाईंचं नाव, आडनाव, रिगा, सिनेमा, नाटक, सगळं घालून पाहिलं. त्यांच्या नावाची एक दंतवैद्य निघाली आणि एक सायकलपटू. नटी निघाली नाही.

“आई, एव्हरीथिंग इज नॉट ऑन गूगल,” रुही म्हणाली.

मी म्हटलं, “तुझा पाचवीतला स्पेलिंग बीचा फोटो आहे ना गूगलवर? मग हिचे चार सिनेमे कसे नाहीत?”

तिने लॅपटॉप मिटला. पण तिचं वर जाणं काही थांबलं नाही.

तिचं तिकडे जाणं कसं सुरू झालं ते सांगायला हवं. रुही शाळेच्या नाटकात होती. एक दिवस जिन्यात बसून आपलं भाषण पुटपुटत पाठ करत होती. रस्माबाई बाजारातून येत होत्या. पिशवी खाली ठेवून त्या म्हणाल्या, “तू हे कुणाला सांगते आहेस?” रुही म्हणाली, कुणाला नाही, प्रॅक्टिस करतेय. “मग मी दोन मिनिटं इथे उभी राहते. मला सांग.” दोन मिनिटांचा तास झाला. त्यानंतर ती मंगळवारी आणि गुरुवारी वर जायला लागली. पैसे द्यायला गेले तर घेतले नाहीत. फुकट शिकवतात म्हटल्यावर तर माझा संशय आणखी वाढला.

ऑक्टोबरमध्ये रुहीच्या दप्तरात डबा शोधताना माझ्या हाताला वाइनच्या बाटलीचं बूच लागलं. वास घेतला. वास होता. मी खुर्चीवर बसलेच. ती शाळेतून आल्या आल्या ते बूच तिच्यासमोर ठेवलं.

“हे काय आहे?”

“कॉर्क.”

“ते मलाही दिसतंय. दप्तरात कशाला?”

तिने ते उचललं, पुढच्या दातांत धरलं आणि तसंच बूच धरून अख्खं भाषण म्हणून दाखवलं. मग बूच काढून तेच परत म्हटलं. एकेक अक्षर ताटात मोत्याचे दाणे मांडल्यासारखं सुटं. “असं केलं की जीभ आळशी राहत नाही,” ती म्हणाली. “रस्माच्या ड्रामा स्कूलमध्ये सगळे करायचे.”

मी त्या दिवशी वहीत लिहिलं: बूच. खरं असेल. पण असल्या गोष्टी पुस्तकातही वाचायला मिळतात.

त्यांनी स्वतःबद्दल जे जे सांगितलं ते रुहीच्या तोंडून आणि माझ्या कानांनी तुकड्या-तुकड्यांनी असं जमलं होतं: वडील रेल्वेत सिग्नलवर. आई शिवणकाम करायची. अठराव्या वर्षी रिगाच्या नाट्यशाळेत निवड झाली, तीनशे मुलींतून नऊ. मग तिथल्याच एका मोठ्या नाटकगृहात नोकरी. तिकडे नटांना पगार असे, सकाळी तालीम, संध्याकाळी प्रयोग, सोमवारी सुट्टी. पहिली तीन वर्षं नुसती मोलकरीण, ट्रे घेऊन आत यायचं, ट्रे ठेवून बाहेर जायचं. मग एकदा मुख्य नटीला गालगुंड झालं, आणि रस्माबाईंनी एका रात्रीत तिची भूमिका उभी केली. सगळ्या मिळून तेरा वर्षांत बावीस भूमिका. नवरा बोटीवर रेडिओ ऑपरेटर. मूल नाही.

इथपर्यंत सगळं सुरळीत. पण पुढे काय, असं विचारलं की गोष्ट एकदम १९९२ सालात उडी मारायची. तेव्हा त्या अमेरिकेत आल्या. नवरा त्याच्या आदल्या वर्षी मिलवॉकीत वारला होता. त्या त्याची कबर बघायला आल्या आणि राहिल्या. बावीस वर्षं एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालायचं काम केलं. पण नवरा आधीच इकडे कसा, ही तिकडे कशी, मधली वर्षं कुठे गेली? मी विचारलं की त्या खिडकीकडे बघून म्हणायच्या, “थंडी होती.”

थंडी तर शिकागोतही असते. तेवढ्याने आयुष्यातली चौदा वर्षं गळत नाहीत.

हे सगळं माझ्यापुरतंच राहिलं असतं. पण या वर्षी रुही बारावीत गेली आणि तिने ठरवलं की कॉलेजात ड्रामाच शिकायचं. सत्यजितचे आणि तिचे दोन महिने वाद झाले, मग तो थकला. अर्ज भरायला घेतला तर त्यात एक अट निघाली: उमेदवाराला ज्या व्यावसायिक नट-नटीने किंवा शिक्षकाने शिकवलं आहे त्यांचं पत्र, त्यात त्यांचा स्वतःचा अनुभव लिहिलेला. शाळेतल्या जुन्या ड्रामा टीचर ॲरिझोनाला गेलेल्या, त्या मेलला उत्तर देत नव्हत्या. नव्या टीचरला रुहीचं नावही नीट येत नव्हतं. राहिल्या रस्माबाई. त्यांना ई-मेल नाही, म्हणून कागदावर सही केलेलं पत्र स्कॅन करून चालेल, असं रुहीने कॉलेजला विचारूनही घेतलं. मुदत सोमवारी संध्याकाळी पाच, डिसेंबरच्या दोन तारखेला.

आणि रुही सतरा वर्षांची, म्हणून अर्जाखाली पालकाची सही. यातली सर्व माहिती आमच्या समजुतीप्रमाणे खरी आहे, खोटी आढळल्यास अर्ज रद्द होईल.

सत्यजितने ते वाचून पेन माझ्याकडे सरकवलं. “सही तू कर. तुझी ती वही आहे ना, तारखांची. तूच व्हेरिफाय कर. उद्या खोटं निघालं तर पोरीचं वर्ष जाईल आणि नाव खराब होईल ते वेगळंच.”

“आणि पत्र नाही दिलं तर?”

“तर ॲप्लिकेशन इनकम्प्लीट,” रुही म्हणाली. “देन आय ॲम डन.”

तर असा तो कागद माझ्यासमोर आला. मी देवापाशी नेऊन ठेवला. सही केली नाही.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी वर रस्माबाईंचा हीटर बिघडला, म्हणून दोघी तालमीला खाली आमच्याकडे आल्या. माझा उपास होता. मी साबुदाणा निवडत बसले होते, निवडायला काही नव्हतं तरी. खरं तर मी लक्ष ठेवत होते. रुहीने आपलं भाषण एका वहीत उतरवलं होतं. वही मीच दिलेली, पहिल्या पानावर माझ्या हातचं ‘श्री’ आणि कुंकवाचं बोट. रस्माबाई ती हातात धरून ऐकत होत्या.  त्यांच्या हातून वही सुटली आणि जमिनीवर पडली.

मी लगेच उठले. वही उचलून कपाळाला लावायची, एवढंच डोक्यात. पण त्या “थांब, हात लावू नकोस” असं म्हणाल्या, तेही असं की मी जागच्या जागी थांबले. मग टेबलाची कड धरून, गुडघे कडकडवत, त्या खाली वाकल्या आणि वहीवर बसल्या.

चुकून नाही. नीट बेत करून, अंगाखाली बरोबर वही येईल अशा. क्षणभर बसून राहिल्या. मग अंगाखालून वही ओढून काढली, झटकली आणि रुहीला दिली.

आमच्याकडे कागदाला चुकून पाय लागला तरी आपण नमस्कार करतो. आणि ही बाई ‘श्री’वर बसली. माझ्या घरात, गुरुवारी.

“माझ्या घरात कुणी पुस्तकावर बसत नाही,” मी आधी मराठीत म्हणाले, मग इंग्रजीत. “उठा तुम्ही. प्लीज, जा.”

“आई, लेट हर एक्सप्लेन ना,” रुही म्हणाली.

 रस्माबाई रुहीचा हात धरून उठल्या. “मग क्षमा कर,” एवढंच म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या. मी वरपर्यंतची पावलं ऐकली.

वहीत त्या दिवशी मी लिहिलं: हे लोक असेच. विद्येची किंमत नाही ती नटी कसली.

त्यानंतर रुही माझ्याशी बोलेना. जेवताना समोर फोन. वरची शिकवणीही बंद. ती गेली होती, पण रस्माबाईंनीच दारातून परत पाठवलं: आधी आईला विचारून ये. मुदतीला अकरा दिवस उरले होते. मला अपराधी वाटत होतं असं नाही. मला खात्री हवी होती. ती बाई खोटी आहे असा काही पुरावा मिळाला असता, तर मी मुलीच्या तोंडावर तो ठेवला असता आणि माझी सुटका झाली असती.

दरवर्षी नोव्हेंबरअखेर आमच्या जिन्यात एक कागद चिकटवलेला असतो, रस्माबाईच लावतात: लाटव्हियन लोकांच्या हॉलमध्ये नाताळचा बाजार, सर्वांना आमंत्रण. मुदतीआधीच्या शनिवारी मी घरी सांगितलं की मंदिरात जातेय, आणि दोन बस बदलून तिकडे गेले. खोटं बोलले, तेही मंदिराचं नाव घेऊन. त्याचं प्रायश्चित्त मी नंतर घेतलं, ते इथे सांगत नाही.

हॉलमध्ये विणलेले हातमोजे, मेणबत्त्या, शहाजिरे घातलेलं चीज, काळे पाव. एका टेबलाशी साधारण रस्माबाईंच्याच वयाची एक बाई राखाडी वाटाण्यांची उसळ वाढत होती. छातीवर बशीएवढा चांदीचा ब्रोच. मी म्हटलं, मला मांस न घातलेले वाटाणे मिळतील का.

“मांसाशिवाय म्हणजे नुसते वाटाणेच,” ती म्हणाली.

“चालतील.”

“आजारी आहेस का?”

तिचं नाव आइना. मी वाटाणे खात खात, सहज विचारल्यासारखं विचारलं: तुम्ही पण रिगाच्या का? आमच्या वर एक रस्माबाई राहतात, नाटकात होत्या म्हणे.

आइनाचा डाव हवेत थांबला. “रस्मा? उंच? ती कोट सांभाळायची.”

“कोट?”

“नाटकगृहात. लोक येतात, ओव्हरकोट काढून देतात, ती पितळेचा बिल्ला देते. मी कितीदा तिच्या हातात कोट दिलाय.”

मला आनंद झाला. लिहिताना लाज वाटते, पण झाला. दीड वर्ष मी जे म्हणत होते ते खरं निघालं. कोट सांभाळणारी. पडद्याच्या अलीकडची बाई, इतकी वर्षं पलीकडचं ऐकून ऐकून सगळं पाठ झालेली. नटी नाहीच. मी वाटाण्यांची वाटी खाली ठेवली आणि निघायची तयारी केली.

हॉलच्या टोकाला छोटं स्टेज होतं. नाताळच्या नाटुकलीची तालीम चालली होती, चार-पाच मोठी माणसं, हातात कागद. एका जाड्या गृहस्थाच्या हातून कागद निसटले आणि पसरले. सगळे बोलायचे थांबले. कुणी वाकलं नाही. त्या गृहस्थाने पायानेही न सरकवता ते कागद हातांनी एका जागी गोळा केले, पँट वर ओढली आणि त्यावर बसला. मग उठून कागद घेतले आणि आपलं वाक्य पुढे सुरू केलं. कुणी हसलं नाही.

मी आइनाला विचारलं, “हे काय केलं त्यांनी?”

“भूमिकेचे कागद पडले तर त्यावर बसल्याशिवाय उचलायचे नाहीत. नाहीतर ती भूमिका हातची जाते. सगळे नट करतात. अर्धेमुर्धे हौशीसुद्धा.”

“आणि कोट सांभाळणारी?”

आइनाने डाव पातेल्यात ठेवला. मग तिने ॲप्रनला हात पुसले आणि माझ्या शेजारी बाकावर येऊन बसली.

“तू कोण आहेस?” तिने विचारलं.

“शेजारीण. माझ्या मुलीला त्या शिकवतात.”

“मग ऐक. तिचा नवरा १९७८ साली हॅम्बुर्गला बोटीवरून उतरला आणि परत चढलाच नाही. आमच्याकडे तेव्हा देश सोडणं गुन्हा होता. असल्या माणसाला पळपुटा म्हणायचे, आणि मागे राहिलेल्याने त्याची शिक्षा भोगायची. आठवड्याभरात नाटकगृहाच्या व्हरांड्यातला रस्माचा फोटो गेला. नुकताच तिचा एक सिनेमा लागला होता. तो परत लागला तेव्हा शेवटी नावांमध्ये तिचं नाव नव्हतं. चेहरा होता, नाव नव्हतं. तिला सांगितलं, नाटकगृह सोड, नाहीतर कोटांपाशी उभी राहा. आम्हाला वाटलं सोडेल. ती कोटांपाशी उभी राहिली. नऊ वर्षं.”

“लोक ओळखत नव्हते?”

“सगळे ओळखत होते. मी तिला तीन नाटकांत पाहिलेलं. एकदा घरी जाईपर्यंत रडले होते. आणि मी तिच्या हातात कोट दिला, बिल्ला घेतला, वर बघितलं नाही. वर बघितलं असतं तर कुणीतरी ते लिहून ठेवलं असतं.” ती उठली. “तिला सांगू नकोस मी सांगितलं. इथेही आम्ही एकमेकींना फक्त हवापाण्याचं बोलतो.”

परतीच्या बसमध्ये मी हिशोब जुळवत होते. सिनेमे तीन की चार, ते सुटलं: नाव लागलेले तीन, नाव पुसलेला एक. मधल्या चौदांपैकी नऊ वर्षं सुटली. पण नदी आणि समुद्र सुटत नव्हतं. आणि सही माझी होती. एवढं ऐकूनही माझं मन म्हणत होतं, उरलेलं नीट विचारून घे. माझा स्वभाव.

म्हणून रविवारी दुपारी मी वही घेऊन वर गेले. सोबत डब्यात साखरभात, माफीचा. दार उघडल्यावर त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग वहीकडे.

“मी त्या दिवशी चुकले,” मी म्हटलं. “तुम्ही वहीवर का बसलात ते मला माहीत नव्हतं. सांगितलं असतंत तर—”

“ज्या घरात मला ऊठ म्हणतात तिथे मी कारणं देत नाही. माझ्याकडे तेवढंच शिल्लक आहे. आता कसं कळलं?”

“विचारलं एका ठिकाणी.”

“माझ्याबद्दल विचारायला गेलीस.” त्या बसल्या. “आणि ते हातात काय आहे?”

“माझी वही. रोजची. दोन-तीन गोष्टी जुळत नाहीयेत, पत्राआधी तेवढ्या—”

“वाच.”

मी वाचलं, इंग्रजी करत करत. १४ मार्च, सिनेमे तीन. ९ मे, चार. २ जून, समुद्र. वाचता वाचता वर पाहिलं तर त्यांचा चेहरा अगदी रिकामा झाला होता. हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरलेले.

“तारखा पण आहेत,” त्या हळूच म्हणाल्या.

“सवय आहे.”

“नवरा बोटीवरून पळाला, त्यानंतर मला महिन्यातून एकदा एका सरकारी कचेरीत बोलवायचे. तिथला माणूस फार सभ्य होता. चहा द्यायचा. तो विचारायचा, चौदा मार्चला तुम्ही ड्रेसिंग रूममध्ये असं म्हणालात, नऊ मेला तसं म्हणालात, यातलं खरं काय? नाटकात होते तेव्हा मी ड्रेसिंग रूममध्ये फक्त एका मैत्रिणीशी बोलायचे. चांगली बाई होती. माझ्या वाढदिवसाला केक आणायची.”

साखरभाताचा डबा आमच्या मध्ये टेबलावर होता.

 मी देवाचं नाव वर लिहून रोज वही लिहिते. त्यात कुणाचं वाईट चिंतलेलं नाही, असंच मी धरून चालले होते. मी ती पानं चिमटीत धरली. “फाडू का?”

“नको. फाडून काय होतं? पुढे वाच. खोटं कुठलं ते मी सांगते.”

मग मी सगळं वाचलं, दीड वर्षाचं. त्या ऐकत गेल्या. तीनशे मुलींतून नऊ? अडीचशे असतील, तीनशे ऐकायला बरं वाटतं. गालगुंड? खरं. बावीस भूमिका? खरं, पण त्यातल्या सहा ट्रेवाल्या. नदी?

“नदी खोटी. समुद्र खरा.”

“मग नदी का म्हणालात?”

“तीच गोष्ट दुसऱ्यांदा तशीच सांगायचा कंटाळा आला होता.”

इतक्या शांतपणे खोटं कबूल करणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. पुस्तकावर बसल्याचंही मी वहीत जे लिहिलं होतं, विद्येची किंमत नाही वगैरे, तेही वाचलं. गाळावंसं वाटलं, पण गाळलं नाही.  त्या उठून कागद आणि पेन घेऊन आल्या.

पत्र लिहायला दोन तास लागले. त्यांचं अक्षर मोठं, थरथरतं. इंग्रजी शब्द अडला की मी सांगायचे. रुहीबद्दलचं पान त्यांनी एका दमात लिहिलं. मुलगी ऐकते, असं पहिलंच वाक्य. समोरचा बोलत असताना ही खरंच ऐकत असते, बाकीचं शिकवता येतं. मग स्वतःबद्दल. नाट्यशाळा, सालं, भूमिका. चार सिनेमे, त्यातल्या एकातून नाव काढलेलं, पुरावा माझ्याकडे नाही. आणि खाली: १९७८ ते १९८७, त्याच नाटकगृहात, प्रेक्षकांचे कोट सांभाळणे.

“हे कशाला?” मी म्हटलं. “अनुभव विचारलाय, अभिनयाचा. कोटांचं वाचून त्यांना वाटेल की…” मला आइनाशेजारी बाकावर वाटलं होतं तेच त्यांना वाटेल, हे मी बोलले नाही. “उगाच शंका येईल. एवढी एक ओळ काढू या. रुहीचं नुकसान नको.”

त्यांनी पेनला टोपण लावलं.

“तेरा वर्षं मी स्टेजवर उभी होते आणि लोक माझ्याकडे बघत होते. ते सोपं आहे. नऊ वर्षं तेच लोक समोर येऊन माझ्याकडे बघत नव्हते, आणि मी रोज लिपस्टिक लावून, त्यांना ‘प्रयोग छान होवो’ म्हणून बिल्ला देत होते. तुझ्या मुलीला मी जे शिकवते ते त्या नऊ वर्षांतलं आहे. ती वर्षं काढायची असतील तर माझं नावही काढ. काढणारे आधी होऊन गेलेत, त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत. तुलाही ठेवणार नाही.”

खाली जिन्यात रुहीने आमचं दार उघडल्याचा आवाज आला. मुदतीला सव्वीस तास होते. त्या ओळीसकट पत्र गेलं तर कॉलेजवाले काय म्हणतील ते मला माहीत नव्हतं. त्या ओळीशिवाय पत्र मिळणार नव्हतं.

“राहू द्या,” मी म्हटलं.

त्यांनी टोपण काढलं आणि सही केली. आडनावातल्या एका अक्षराखाली छोटंसं शेपूट असतं, ते अमेरिकेत कुणी घालत नाही, त्यांनी घातलं. मग कागद माझ्याकडे केला. “मोठ्याने वाच. शेवटपर्यंत. शब्द खाऊ नकोस.”

मी वाचलं. दोनदा त्यांनी मला थांबवून परत वाचायला लावलं.

सोमवारी सकाळी मी देवापाशी ठेवलेला अर्ज उचलला आणि सही केली. रुहीने शाळेतून आल्यावर पत्र स्कॅन केलं, शेवटची ओळ वाचताना थांबली, माझ्याकडे पाहिलं. “आई, कोट्स? यू नो अबाउट धिस?”

“हो. तसंच पाठव.”

चार वाजून वीस मिनिटांनी तिच्या स्क्रीनवर अर्ज मिळाल्याचं उमटलं. ती चपला न घालता दोन मजले धावत वर गेली. मंगळवार-गुरुवार परत सुरू झाले. ऑडिशन फेब्रुवारीत आहे, बोलावणं येईल की नाही ते अजून कळलेलं नाही.

त्या सोमवारी रात्री जेवताना सत्यजित म्हणाला, “मग? पटली का खात्री?”

“सही केली ना,” मी म्हटलं.

“ते नाही विचारलं.”

“तेवढंच सांगते,” मी म्हटलं, आणि त्याला भात वाढला.